तो शब्द मला हवा होता

नंदुरबारपासून तीन कोसांवरच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. शाळेत आम्ही तिघे होतो: हेडमास्तर, मी आणि मोलगीच्या बाजूच्या डोंगरातून आलेला एक तरुण मास्तर. तो घरी पावरी ही डोंगरातली बोली बोलायचा. मराठी तो शाळेत शिकला होता, म्हणून त्याचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. गळाही गोड. सकाळची प्रार्थना हेडमास्तरांनी त्याच्याकडे दिली होती. मी रोज तासभर पूजा करणारा, गंध लावून शाळेत येणारा. प्रार्थना माझ्याकडे हवी, असं मला वाटे. बोलून दाखवत नसे, एवढंच.

हुरड्याच्या दिवसांत गोरे प्रांतसाहेब शाळा पाहायला आले. तपासणी झाल्यावर पाटलांच्या शेतात हुरडा भाजला. साहेबांनी खाल्ला, आम्ही खाल्ला. तो तरुण मास्तर मात्र हात मागे बांधून उभा.

"तुम्ही खात नाही?" साहेबांनी तोडक्या मराठीत विचारलं.

"नवं धान्य अजून आमच्या देवाला दाखवलेलं नाही, साहेब. घरचे दाखवतील, मग मी खाईन."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शेरेबुक मागवलं आणि इंग्रजीत चार ओळी लिहिल्या.

साहेब गेल्यावर हेडमास्तरांनी वही माझ्यापुढे सरकवली. मला तिसरीपर्यंतचं इंग्रजी येत होतं, त्यांना तेवढंही नव्हतं.

"गुरुजी, हाई काय लिखं शे?"

माझ्याबद्दल लिहिलं होतं 'पंक्च्युअल'. तो शब्द मला येत होता: वेळेवर येणारा. त्याच्याबद्दल मात्र एक अनोळखी शब्द होता आणि त्याखाली साहेबांनी रेघ ओढली होती. ती रेघ माझ्या डोळ्यांत खुपली. मी अक्षरं जुळवली. पहिल्या तीन अक्षरांत मला 'देव' दिसला, पुढे 'आउट'. आउट म्हणजे बाहेर.

"देव-आउट," मी म्हणालो. "ज्याचा देव बाहेर गेला तो. नास्तिक."

हेडमास्तर गंभीर झाले. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना माझ्याकडे आली. त्यानं कारण विचारलं नाही. मुलांच्या ओळीमागे जाऊन उभा राहिला आणि माझ्या बेसूर आवाजात आवाज मिसळू लागला.

पुढच्या रविवारी मी नंदुरबारला गेलो, इंग्रजी शाळेतल्या एका ओळखीच्या मास्तरांकडे. कागदावर उतरवून नेलेला शब्द त्यांच्यापुढे धरला. आपण बरोबर आहोत, हे मला ऐकायचं होतं.

"डिव्हाउट," ते म्हणाले. "मनापासून श्रद्धा असणारा."

"म्हणजे पूजाअर्चा करणारा?"

"करीत असेल, नसेलही. श्रद्धा खरी आहे असं दिसलं, की हा शब्द लावतात. एखादी इच्छा अगदी कळकळीची असली तर तिलाही लावतात."

"स्वतःबद्दल लिहिता येतो?"

ते हसले. "व्याकरणानं येतो. पण शोभत नाही. दुसऱ्यानं म्हणावा लागतो."

परतताना बैलगाडीत मला तो भाजका हुरडा आठवत राहिला. मी तो दोन मुठी खाल्ला होता, आणि देवाची आठवणसुद्धा झाली नव्हती.

तरी मी महिनाभर गप्प राहिलो. प्रार्थना सोडवत नव्हती. शेवटी एका सकाळी पहिलीच ओळ म्हणताना माझा आवाज बसला आणि मागून त्यानं ती उचलून धरली, माझी फजिती होऊ नये म्हणून. त्या दुपारी मी हेडमास्तरांना खरं सांगितलं.

"तुम्हले माहीत नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

"त्या दिवशी नव्हतं. पण अर्थ वाईट निघाला तेव्हा मला बरं वाटलं होतं."

मग त्यांनी त्याला बोलावलं. मी त्याच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं.

"मला वाटलं, माझे उच्चार चुकतात," तो म्हणाला. "महिनाभर घरी मोठ्यानं वाचत होतो."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. प्रार्थना पुन्हा त्याच्याकडे गेली आणि माझा हेवाही होता तिथेच राहिला. फक्त आता त्याला हेवा म्हणतात, हे मला माहीत होतं.

दोन वर्षांनी त्याची डोंगरात बदली झाली. त्याच्या जागी आलेले मास्तर दिवसभर तंबाखू मळत आणि शाळेत उशिरा येत. त्यांच्याशी माझं फार छान जमलं.