वीस अंश

संगणकाच्या वर्गात मी फॅरनहाइटचं सेल्सिअस करणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटासा तुकडा, शिकवत होते. लूप एकेक आकडा उचलतो, फंक्शन तो बदलतं आणि समोर शब्द उमटतो: थंड, सुखद किंवा गरम. तापमानासाठी कुणी नागपूर घेतलं, कुणी महाबळेश्वर. साठी ओलांडलेल्या सुमतीताईंनी मात्र अमेरिकेतलं एक लहानसं गाव घेतलं होतं. त्यांच्या पडद्यावर ओळीनं ‘थंड’ उमटलं आणि त्या पदर घट्ट ओढून बसल्या.

“हेच गाव का, ताई?”

“लेक तिथं शिकायला होती. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं गेली. फोनवर म्हणायची, आई, आज वीस आहे. मी म्हणायचे, मग छान आहे की.”

पडद्यावर वीस फॅरनहाइटपुढे उणे सहा पूर्णांक सात दशांश सेल्सिअस होते. आकडा तेवढा सातासमुद्रापलीकडून येतो. त्यातला गारठा मागेच राहतो.

“बाई, थंडच्या खाली आणखी एक शब्द घालता येईल?”

“येईल ना. कोणता घालू या?”

त्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. वर्ग सुटला तरी त्यांना शब्द सुचला नव्हता.