अंगठ्याचं बटण

माझ्या दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं सोयाबीनच्या मळणी यंत्रात गेली. अंगठ्याशेजारचं आणि त्याच्या पलीकडचं, म्हणजे माउसवर ठेवायची नेमकी तीच. मशीनलाही दुसरी बोटं सापडली नाहीत.

गावी, उंद्रीत, आमचं कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, फोटो, झेरॉक्स. गुलाबी बोंडअळीनं आमची बीटी कपाशी आतून पोखरली, तेव्हापासून घर दुकानावरच चालायचं. शेतात येईल ते वरकड. दादा खुर्चीत असला की माणसाला आधी बोलणी मिळायची आणि मग सातबारा, आणि लोकांना दोन्हींची सवय झाली होती. बोटं गेल्यावर तो दुकानात फिरकेना. डाव्या हातानं चालवून बघ म्हटलं तर म्हणाला, "चार लोकायसमोर बालवाडीतल्या पोरावानी गिरवत बसू काय?" शेवटी चिखलीच्या एकाला दुकान चालवायला द्यायचं ठरत आलं. सोमवारी तो बघायला येणार होता.

मी पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत. हे ऐकून माझं डोकंच सणकलं. अंगठ्यापाशी दोन जादा बटणं असलेला एक बिनतारी माउस शोधला, तो उंद्रीच्या पत्त्यावर मागवला आणि रजा टाकून मागोमाग घरी गेलो.

पोचलो तर दादानं खोका आधीच फोडलेला. माउस होता, सेल होता, पण कॉम्प्युटरला खोचायचा नखाएवढा रिसीव्हर गायब. त्याच्याशिवाय तो माउस म्हणजे साबणाची वडी.

"दादा, यात एक लहान पुडी होती ना?"

"होती. फेकली."

"काऊन?"

"पाकिटातलं लहान पाकीट कोन ठेवते?"

बीटी बियाण्याच्या पाकिटात साध्या कपाशीचं एक लहान पाकीट येतं. ते शेताच्या कडेनं लावायचं, म्हणजे अळीला खायला साधं झाड मिळतं आणि ती बीटी पचवायला शिकत नाही, असं सांगतात. पण अळीला खायला म्हणून शेतातल्या ओळी कोण फुकट घालवणार? आमच्याकडे पाकीट फोडलं की हे लहान पाकीट धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भिरकावतात. दादाचा हात इतक्या हंगामांच्या सवयीचा, त्यानं माउसच्या खोक्यालाही तोच न्याय लावला.

मी तावातावानं उकिरडा उपसायला घेतला. वहिनी पाण्याची कळशी घेऊन येत होती, ती थांबली.

"भाऊजी, काय हुडकून राह्यले?"

मी सांगितलं. ती घरात गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. दादानं धुऱ्यावर टाकलेली लहान पाकिटं ती दर वर्षी वेचून आणते आणि परसात न्हाणीजवळ चार झाडं लावते, देवाच्या वातीपुरता कापूस होतो. डब्यात दोन-तीन पाकिटं होती आणि त्यांच्यामध्ये आमची पुडी.

"झाडताना सापडली. मले वाटलं, यातबी काही पेराचं असंन."

मला हसू आवरेना. दादा मात्र हसला नाही.

दादाला ओढून दुकानात नेलं आणि रिसीव्हर खोचला. बाण पडद्यावर छान पळाला. दादानं अंगठ्याचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

"दिसलं न? येऊ दे त्या चिखलीवाल्याले," असं म्हणून तो उठला आणि शेताकडे चालता झाला.

त्याची पाठ बघून मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. दुकानातल्या कॉम्प्युटरवरची सिस्टीम फुकटातली, कुणालाही उघडून आत बघता येणारी. माउसच्या खुणा सिस्टीमला समजावून सांगणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. हा माउस बाजारात नवा, ड्रायव्हरला त्याची ओळखच नव्हती. त्यानं त्याला साधा दोन बटणांचा समजून घेतलं होतं, अंगठ्याची खूण येत होती पण ऐकणारं कुणी नव्हतं. मग मी ड्रायव्हरमध्ये त्या माउसचा नंबर घातला आणि ही खूण आली की हे साधं क्लिक समज, असं लिहिलं. ओळी थोड्याच, पण जीव काढला त्यांनी. आधी बटण दाबलं की पान उलटं सरकायचं. मग लाइट गेली. वहिनीचा चहा येत राहिला. रविवारी रात्री बटण एकदाचं चाललं.

पुढे मी त्या ओळी सिस्टीम सांभाळणाऱ्या मंडळींकडे पाठवल्या. कुठल्या मुलखातला कोण जाणे, एकानं दोन चुका काढल्या, मी सुधारल्या, आणि आमच्या माउसला कायमची जागा मिळाली. त्याचा आनंद वेगळाच. पण सोमवारी यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं.

सोमवारी चिखलीवाला बाकावर बसून भिंती, प्रिंटर, पंखा न्याहाळत होता. गावातले एक म्हातारबा सातबाऱ्यासाठी आलेले. मी खुर्चीत, दादा दारात उभा.

"दादा, फक्त अंगठा ठेव," मी म्हटलं.

तो आला, माझ्या खांद्यावरून वाकला आणि उभ्यानंच बटण दाबलं. पान उघडलं. त्यानं बंद करून पुन्हा उघडलं. मग गावाचं नाव निवडलं, मग गट नंबर. म्हातारबा म्हणाले, "होते का रे बावा, का उद्या येऊ?"

"उद्या काऊन? तिकडं काय वावर जळून राह्यलं का? बसा तिथं," दादा खेकसला. मग माझ्या खांद्यावर थाप पडली.

"ऊठ बे. माही खुर्ची हाये ते."

मी उठलो. चिखलीवालाही उठला.