लांडगा कशाला न्यायचा?

पोराला विसापर्यंत आकडे आले की आईबापांना घरात महापंडित जन्मल्याचा साक्षात्कार होतो. कोडेबाईंच्या शाळेत तर महापंडितांचं इतकं पीक आलं होतं, की एखादं साधं मूल दिवा घेऊन शोधावं लागलं असतं.

कोडेबाई तिसरीच्या वर्गशिक्षिका. हे नाव मुलांनी ठेवलेलं, पण घरी जावेनेही तेच उचललं. यजमान म्हणायचे, "आमच्या घरात काडेपेटी आणली तर गॅस पेटेलच याची खात्री नाही." खरंच होतं ते. बाई काड्यांची गुलं मोडून टाकायच्या आणि त्या बिनडोक काड्यांची घरं, मासे, त्रिकोण मांडून मुलांपुढे ठेवायच्या. तीन काड्या हलवा आणि मासा उलटा फिरवून दाखवा! जिन्याशेजारची अडगळीची खोली त्यांनी स्वतः झाडून घेतली होती. तिथे शनिवारी शेवटच्या तासाला, वर्गात लवकर आटोपून खिडकीबाहेर बघत बसणारी मुलं जमायची.

त्या खोलीत एकच कायदा होता. कोडं सुटलं की बोलायचं नाही, हात डोक्यावर ठेवून गप्प बसायचं. उत्तर सांगून दुसऱ्याची मजा घालवणं हा तिथला सर्वांत मोठा गुन्हा. बाई स्वतःही उत्तर सांगत नसत. पोरं पोट फुटेल इतकी गच्च गप्प बसायची, आणि बाईंना त्या गप्पपणाचं भारी वेड होतं.

मग मुख्याध्यापकांनी दारावर पाटी लावली, ‘प्रज्ञावंत कक्ष’. झालं! पाटी नव्हती तोवर पालक विचारायचे, मुलांना उशीर का होतो. पाटी लागली आणि तेच पालक दारात रांग लावून उभे.

"बाई, आमचा झोपेतसुद्धा पाढे म्हणतो," एक बाप म्हणाला.

"मग त्याला नीट झोपू द्या," बाई म्हणाल्या. ते काही त्याला आवडलं नाही.

समोरच्या वह्यापेन्सिलींच्या दुकानावर एका सरांनी लगोलग शिकवणी काढली. प्रज्ञावंत होण्याची शिकवणी! त्यांना सगळे उत्तरवाले सर म्हणत. शनिवारी बाईंनी घातलेलं कोडं सोमवारी त्यांच्या फळ्यावर उत्तरासकट हजर असायचं. हळूहळू बाईंचं कोडं सांगून व्हायच्या आतच खोलीभर हात डोक्यावर जाऊ लागले. त्या डोक्यांत काय चाललंय ते बाईंना बरोबर कळायचं. काहीच चाललेलं नसायचं.

एका मुलीचा हात मात्र कधी वर जायचा नाही. तिला सगळे ‘कशाला’ म्हणत, कारण ती दर दोन वाक्यांनी तेच विचारायची. तिची आई कपडे शिवायची. पोटाला चिमटा घेऊन तिने लेकीला शिकवणी लावली होती, पण सरांनी आठवड्यातच परत पाठवली. "उत्तर पाठ करायच्या आधी वाद घालते," अशी त्यांची तक्रार.

अशात संस्थेच्या अध्यक्षांनी पालकांसमोर प्रात्यक्षिक ठरवलं. अध्यक्षांचा फरशांचा धंदा. सगळं एका मापाचं असलं की त्यांना बरं वाटायचं. मुख्याध्यापकांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "मुलं चमकली तर वर्ग तुमचा. नाही तर उत्तरवाले सर तयार आहेत."

बाई हादरल्या. तो एक तास गेला तर आठवड्यात उरतं काय? हजेरी आणि शुद्धलेखन. त्यांनी कच खाल्ली आणि सगळ्यांना पाठ असलेलं कोडं निवडलं. एका माणसाला लांडगा, शेळी आणि कोबीचा गड्डा नदीपार न्यायचाय. होडीत त्याच्याबरोबर एकच मावतं. माणूस नसला तर लांडगा शेळीला खाईल आणि शेळी कोबीला. तर कसं न्यायचं?

‘नदी’ म्हणताच खोलीभर हात डोक्यावर. अध्यक्ष खूश. पालक मोबाइल उंच धरून उभे. फक्त कशालाचे हात मांडीवर. मागून तिची आई स्वतःच्याच डोक्यावर हात आपटून खुणा करत होती.

"बाई," कशाला उठून म्हणाली, "तो लांडगा कशाला नेतोय?"

पालक खदाखदा हसले. आईने मान खाली घातली. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला, पण तो काही कोडं सुटल्याचा हात नव्हता. बाईंनी एवढंच म्हणायला हवं होतं, ‘खाली बस.’ तेवढ्याने वर्ग वाचला असता.

"मला माहीत नाही गं," बाई म्हणाल्या. "मी कधी विचारच केला नाही."

एक हात खाली आला. मग दुसरा. "बाजारात लांडगा कोण घेणार?" "होडीत तो त्यालाच खाईल की!" "शेळीला आधीच कोबी खाऊ घाला, म्हणजे एक ओझं कमी!" खोलीत एकच गलका झाला. कितीतरी शनिवारांनी बाईंना ती पोरं विचार करताना दिसली, आणि त्यांना इतका आनंद झाला की अध्यक्ष समोर बसलेत हेच त्या विसरल्या.

"सात फेऱ्या! अरे सात म्हण!" मागून बाप ओरडत होते. सगळे बाप बरोबर होते.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "एकाही मुलाला उत्तर येत नाही," ते म्हणाले आणि उठले.

पुढच्या शनिवारी खोलीत उत्तरवाले सर होते. हात धडाधड वर जात होते. कक्षात प्रवेशासाठी सरांनी आता चाचणी ठेवली होती, तीत कशाला अर्थातच नापास झाली. बाई जिन्याच्या पायरीवर शुद्धलेखनाच्या वह्या तपासत बसल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर एकही अक्षर दिसत नव्हतं.

कशाला दप्तर घेऊन शेजारी येऊन बसली.

"बाई, मी आठवडाभर विचार केला. त्याला तो लांडगा आवडत असेल. शेळीपण आवडत असेल. म्हणून कुणालाच मागे टाकवत नसेल. नाहीतर एवढ्या फेऱ्या कोण मारेल?"

आत कुणीतरी ओरडून उत्तर सांगितलं. बाईंनी लाल पेन खाली ठेवलं, हात डोक्यावर ठेवला आणि त्या गप्प बसल्या.