भिणाऱ्यावर चालणारी जादू

लातूर जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. ‘कलेक्टर आला न् पाणी गेलं,’ असं टँकरच्या रांगेत बायका म्हणायच्या. रत्नम्मा त्या रांगेत सगळ्यांच्या मागं उभी राही. शेजारच्या दानम्मानं देवणीच्या पाहुण्यांच्या कानात ‘त्या घरावर करणी हाय’ असं घातलं होतं आणि रत्नम्माच्या महानंदाचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. आता निलंग्याचं स्थळ आलं होतं. हेही दानम्मानं मोडलं, तर पोरीला कोण करून घेणार?

त्याच दिवसांत रत्नम्मानं आपली आवडती अद्भुत कादंबरी पुन्हा वाचायला काढली. नांदेडला बी.ए. करताना तिनं ती कितीदा तरी वाचली होती. त्यातल्या मायाविनीची जादू फक्त भिणाऱ्यावरच चाले. तेव्हा तिला ही लेखकाची पळवाट वाटली होती. जादू म्हटल्यावर डोंगर हलला पाहिजे! आता वाटलं, कागदावर डोंगर कुणीही हलवील. या लेखकाला माणसं ठाऊक होती. आणि दानम्मा तर मांजर आडवं गेलं तरी माघारी फिरणारी.

दुसऱ्या दिवशी रांगेत निलंग्याच्या मुलाची याच गावात दिलेली मावशी मल्लम्माही होती. रत्नम्मा सरळ पुढं गेली आणि तिनं दानम्माच्या घागरीवर हात ठेवला.

“दानक्का, तुमचं खरं हाय. आमच्या घरात करणी हाय. लई दिवस सांभाळली, आता तुमच्याकडं नांदायला धाडते.”

बायकांनी भराभर आपापल्या घागरी बाजूला ओढल्या. दानम्मा पांढरीफटक पडली.

“अवो रत्नक्का, मी आपलं उगंच बोलले.”

“मोठ्यानं. मल्लक्काला ऐकू जाऊ द्या.”

“खोटं बोलले वो मी! यांच्या घरात काई न्हाई!”

मल्लम्मानं हसू लपवायला तोंडाला पदर लावला. “ऐकलं बाई. रविवारी येतो पोरगी बघायला.”

“आता तरी हात काढा,” दानम्मा रडकुंडीला आली.

कादंबरीतली मायाविनी इथं क्षमा करते. ते प्रकरण रत्नम्माला याही खेपेला खोटं वाटलं होतं. लग्न मोडल्यावर महानंदा कितीतरी दिवस धड जेवली नव्हती.

“थांबा जरा,” ती म्हणाली.

मागच्या घागरी एकेक करून पुढं गेल्या, भरल्या. टँकरचा पाइप फुसफुसला आणि थांबला. मग रत्नम्मानं हात उचलला, आपली कोरडी घागर काखेला मारली आणि महानंदाला रविवारचं सांगायला ती घराकडं निघाली.