दुसरा निरोप

मावशी माझ्या वरणभातावर तूप वाढायला आली. संधिवाताने तिची बोटं सुजलेली, त्यामुळे चमचा मुठीत धरलेला.

डॉक्टर म्हणाले होते, पेशीच्या आवरणात स्निग्ध पदार्थ असतात. इजा झाली की त्यांच्यापासूनच निरोप्ये तयार होतात आणि सूज मागवतात. काम झालं की स्निग्ध पदार्थांतूनच दुसरे निरोप्ये निघतात, ते ‘पुरे’ म्हणतात. मावशीच्या सांध्यांत हा दुसरा निरोप बहुधा नीट पोचत नाही. शरीरसुद्धा आग्रह करत राहतं, तो असा.

“पुरे, मावशी,” म्हणत मी ताटावर हात आडवा धरला.

“एवढ्याने काय होतंय,” ती म्हणाली आणि तिने माझ्या बोटांवरच तूप सोडलं.