काठीखाली संपलेला थर

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर खोटारडा म्हणत आलोय. आणि माझा आवाज असा, की आमच्या मेडशीत बोललो तर मालेगावच्या स्टँडवरची माणसं वळून बघतात. तरी हे लिहितोय... कारण डोकं अजून तापलेलंच आहे.

सुदाम माझा चुलतभाऊ. आमची वावरं लागून. मी धुरा, म्हणजे मधला बांध, सरकवून त्याची चार हात पट्टी गिळली, असं तो गावभर सांगत सुटला. धादांत खोटं! धुऱ्याच्या दगडाला मी बोटही लावलेलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मी शेततळं खोदलं. कडेला वर काळी माती, मध्ये वीतभर पिवळसर पिठीचा थर, खाली परत काळी. पुतणी कृषी कॉलेजात शिकते. तिनं दोन्ही ओल्या करून बोटांत चोळल्या, भिंग लावलं. काळी चिकटत होती. पिठी मैद्यासारखी मऊ, आणि तिच्यात अभ्रक चमकत होतं.

"काका, आपल्या काळ्या खडकात अभ्रक नसते. हे दुसऱ्याच कुठल्या खडकाची धूळ हाय. हजारो वर्षांआधी वाऱ्यानं आणून टाकली."

सुदाम लगेच फुरफुरला, "माह्या विहिरीत असा थर नाही. जिथं हे पिठी संपन, तिथं माहा धुरा." आणि माझ्या वावरात, तुरीच्या खुंटांमध्ये त्यानं काठी खुपसली.

पुतणी हसली. वाऱ्याची धूळ धुरे बघून पडत नाही, संपलीच तर हळूहळू पातळ होत संपते, म्हणाली. म्हणून मीही चार लोकांसमोर छाती ठोकून सुदामची अट कबूल केली. भर दुपारी जेसीबी लावला आणि तळ्यापासून सुदामच्या वावरापर्यंत चर काढला.

थर सरळ चालला... आणि काठीच्या बरोब्बर खाली संपला. सुरीनं बर्फी कापावी तसा. पलीकडे नुसती काळी. माझं रक्त इतकं उकळलं, की त्यावर साऱ्या गावाचा चहा झाला असता.

"इथं संपते हे तुले कोनं सांगतलं?" मी त्याची कॉलर धरली.

सुदाम पांढराफटक. "मले काय मालूम? मी तं तुले चिडवाले कुठीबी काठी खुपसली ना बे."

पुतणीच्या सरांनी येऊन पाहिलं. पलीकडे कोणी काळ्या मातीची भर टाकली असेल म्हणाले — मग स्वतःच चराची भिंत खरवडली आणि म्हणाले, ही माती कधी कोणी हलवलेलीच नाही.

पट्टी मी सोडलेली नाही, सुदाम मागत नाही. यंदा तिथं दोघांपैकी कोणीच पेरलं नाही. पोटात एवढा राग आहे... पण तो काढायचा कोणावर, हे कोणी सांगत नाही.