पालथा कागद

ॲड. दिगंबरराव मोघे यांना, म्हणजे आपल्या सर्वांच्या तात्यांना, मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मला वाटले, वकीलसाहेबांना डुलकी लागली. बारामतीच्या कोर्टामागच्या गल्लीतली ती खोली, वर संथ फिरणारा पंखा, बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची घरघर, आणि समोरच्या बाकावर आम्ही चौघे: आई, माझे दोन मामा आणि नुकतीच कॉलेजात जाऊ लागलेली मी. थोरल्या मामांनी दोनदा खाकरून पाहिले. तेव्हा कारकून हळूच म्हणाले, "थांबा जरा. सायेब तुमच्या रानात गेल्यात."

ते खरेच होते, हे मला पुढे कळले. जमिनीचा कोणताही दस्त पक्का करण्याआधी तात्या त्यातली चतुःसीमा वाचून घेतात आणि डोळे मिटून त्या जमिनीला एक फेरी मारून येतात. पूर्वेचा बांध, दक्षिणेची पाण्याची चारी, पश्चिमेचा शेजारी. चालताना कुठे ठेच लागली, तर दस्तात काहीतरी राहिले आहे असे ते समजतात. "जरा हिंडून येतो," एवढेच ते म्हणतात, आणि खोलीतली माणसे आपोआप हळू बोलू लागतात.

त्या दिवशी ते सणसरच्या शिवारातल्या माझ्या आजोबांच्या रानात गेले होते. आजोबा वारले होते आणि आईने तिचा हिस्सा भावांना सोडून द्यायचा, असे ठरले होते. ठरले म्हणजे कोणी विचारले नव्हते. आमच्याकडची रीतच तशी. बहिणीने सही करायची, साडीचोळी घ्यायची, जेवून आपल्या घरी जायचे. हक्कसोडपत्राचा मसुदा मामांनी बाहेरून टाइप करून आणला होता. आई तर ठेवणीतले लुगडे नेसून लग्नाला निघाल्यासारखी आली होती.

तात्यांनी डोळे उघडले, मसुदा आईला सावकाश वाचून दाखवला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"आक्का, आता या कागदात काय आहे ते तुमच्या शब्दांत सांगा बरं."

आई हसली. "भावांच्या नावावर रान लावायचं. त्याला माझी ना न्हाय."

"आणखी?"

"आनखी काय वकीलसायेब? सणावाराला येत जाईन. थानाला नारळ फोडीन."

आजोळची मेंढरे गेली त्याला पिढी उलटली, पण ज्या बांधावर पूर्वी कळप बसायचा तिथे लिंबाखाली बिरोबाचे थान आहे. शेंदराचा एक गोटा, दुसरे काही नाही. आईचे माहेर म्हणजे तो गोटा आणि तिथवर जाणारी बांधाची वाट.

तात्या म्हणाले, "भावांइतकाच तुमचाही या रानात हक्क आहे. या कागदानं तो संपतो, पुन्हा मागता येत नाही. आणि थानाची वाट यात कुठंच नाही. भाऊ जाऊ देतील तर तुम्ही जाल."

आईचे हसू तिथेच थांबले. थोरले मामा तडकले. "आमी काय आडवणार हाय व्हय हिला?"

"तुम्ही नाही अडवणार. पण कागद माणसापेक्षा जास्त जगतो. उद्या रान दुसऱ्याच्या नावावर गेलं तर तो माणूस कागदच वाचणार."

"वकील तुमी आमचं का हिचं?"

"वकील तुमचाच. कागद दोघांचा."

मामांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि उठून चालू लागले. धाकटे मामा मान खाली घालून त्यांच्या मागे गेले. आईची सही झालीच नाही.

त्यानंतर माहेरचे दार बंद झाले. दिवाळीला बोलावणे आले नाही, भाऊबीज कोरडी गेली. संध्याकाळी उसाच्या पाचटाचा धूर शिवारावर पसरला की आई उंबऱ्यात बसून त्या दिशेला बघत राहायची. एकदा तिने विचारले, "सही केली आसती तर बरं झालं आसतं का गं?" मला त्या वकिलांचा मनापासून राग आला होता, हे या गौरवग्रंथात नमूद केलेच पाहिजे. गौरव आहे म्हणून खोटे लिहिलेले त्यांनाच चालणार नाही.

उन्हाळ्यात धाकटे मामा आले. म्हणाले, "आक्के, दादा बोलत न्हाय, पर थानाला दिवा कुणी लावंना झालंय. चल, कागद नीट करू." पुन्हा तीच खोली, तोच पंखा; धाकट्यांच्या आग्रहाने थोरले मामाही आले होते. या वेळी तात्यांनी आईला डोळे मिटायला लावले. "चला, हिंडून येऊ. तुम्ही पुढं, मी मागं."

आई बोलू लागली. "उगवतीला चारी. चारीच्या कडंनं करंज. तितनं वळलं की इहीर, इहिरीवर पाय जपून. मग बांध लागतो. बांधावर आई गवत कापत बसायची..." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. थोरले मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी उपरण्याने डोळे पुसलेले मी पाहिले. कोणी कोणाला घाई केली नाही.

जमीन आईने सोडलीच. मी आज वकील म्हणून त्यावरून तिच्याशी अजून भांडते, आणि ती म्हणते, "तुला काय कळतंय." पण थान हलवायचे नाही आणि बांधावरून तिथे जाण्यायेण्याची वहिवाट राहील, असे कलम दस्तात आले. 'तहहयात' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लिहिता लिहिता तात्या थांबले आणि म्हणाले, "तहहयात, म्हणजे जीव आहे तोवर. पण कोणाचा जीव? नुसतं तहहयात लिहून भागत नाही."

बराच वेळ भिंतीकडे बघणारे थोरले मामाच शेवटी बोलले. "आक्काचा. अन् तिच्या लेकीचा बी."

माझ्या नावाने या जगात पहिली जी गोष्ट लिहिली गेली ती म्हणजे ती बांधाची वाट. त्या दिवशी मी ठरवले की हेच काम शिकायचे.

तात्यांच्या हाताखाली काम करणे सोपे नव्हते. आम्ही ज्युनिअर मंडळी शाळेत निबंध लिहून आलेलो. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की आम्हाला लाज वाटायची. मग एका ओळीत 'ताबा', दुसरीत 'वहिवाट', तिसरीत 'मालकी' असे सजवून लिहायचो. तात्या मसुदा परत करायचे. त्यांचे वडील वालचंदनगरच्या कारखान्यात यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचे. तिथल्या क्वार्टरमध्ये लहानपणी ऐकलेला धडा ते आम्हाला द्यायचे: "एका भागाला एकच नंबर. दोन नंबर दिले की कारखान्यात दोन वस्तू तयार होतात. मालक एक असतो, ताबा दुसऱ्याकडे असतो, वहिवाट तिसऱ्याची असते. तुम्ही शोभेसाठी शब्द बदलाल आणि कुणाचं तरी घर कोर्टात जाईल."

जुन्या शब्दांशी मात्र त्यांचे वैर नाही. फारसी वळणाचे शब्द काढून टाकायची हौस एका वर्षी आम्हाला आली, तेव्हा ते म्हणाले, "शब्द म्हातारा झाला म्हणून घराबाहेर काढता का? कामाचा आहे तोवर राहू द्या. फक्त त्याची ओळख करून द्या." त्यामुळे त्यांच्या दस्तात 'तहहयात' असते आणि तिथेच साध्या मराठीत त्याचा अर्थही असतो. पक्षकाराने कागद पालथा असताना आपल्या तोंडाने मजकूर सांगितला नाही, तर सही होत नाही. "आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?" हे त्यांचे ठरलेले वाक्य. या हट्टापायी कितीतरी पक्षकार शेजारच्या गल्लीत गेले. आम्हाला त्याची चुटपुट लागायची, तात्यांना कधी लागली नाही.

त्यांच्या मायेविषयी एकच सांगते. मध्यंतरी आई दवाखान्यात होती. मोठे ऑपरेशन होते आणि ती भेदरली होती. तात्या दुपारी आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आक्का, डोळे मिटा. हिंडून येऊ." आईने डोळे मिटले. चारी, करंज, विहीर, बांध. विहिरीपाशी ती म्हणाली, "पाय जपून, वकीलसायेब." नर्स आली तेव्हा दोघेही डोळे मिटून बसले होते, आणि आईच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखे वाटत होते. ती बरी झाली. अजूनही थानाला जाते, आता माझा हात धरून.

आणि ही अलीकडची गोष्ट. थोरले मामा आता थकले आहेत. गेल्या हंगामात ते माझ्या ऑफिसात आले, सोबत त्यांची लेक. तिच्या सासरच्या जमिनीचा कागद होता, तिची सही हवी होती, आणि सासरची माणसे घाई करत होती. मी कागद वाचून दाखवला आणि पेन तिच्या पुढे करणार, तोच मामांचा हात टेबलावर आला. त्यांनी कागद पालथा केला.

"आता सांग बाय," ते लेकीला म्हणाले, "काय लिवलंय ह्यात?"

ती अडखळली. सही त्या दिवशी झाली नाही. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या तात्यांस्नी सांग. त्या दिशी मी उठून गेलो व्हतो. आज बसलोय."

मी तात्यांना ते जसेच्या तसे सांगितले. ते डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले. हिंडायला कुठे गेले होते, ते मी विचारले नाही.

तात्या आज पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. शुभेच्छा द्यायच्या तर त्या त्यांच्या शिस्तीत द्यायला हव्यात. म्हणून लिहून देते की, आपल्या सर्वांच्या आयुष्यात तात्यांची वहिवाट निरोगी, आनंदी आणि विनाअडथळा तहहयात चालू राहो. कोणाची हयात, असे ते विचारतीलच. आमची, तात्या. आमचा जीव आहे तोवर तुम्ही हवे आहात.

वाचून झाले असेल तर कागद पालथा ठेवा. मी तोंडी सांगते.